गवत वाचत मारा नदीपर्यंत : सेरेंगेटीतला कोरड्या ऋतूचा प्रवास

टांझानियातल्या सेरेंगेटीला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "कुठला महिना चांगला?" हा प्रश्न अर्धाच आहे. महिना आणि जागा एकत्रच ठरवावी लागते. 14,763 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात विल्डबीस्ट या मोठ्या, गवत खाणाऱ्या हरणांचे कळप एका टोकाला असतात, तेव्हा दुसऱ्या टोकाला नुसतं गवत उभं असतं. ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या एनडुटूला किंवा फेब्रुवारीत उत्तरेच्या कोगाटेंडेला तंबू घेतलेले पाहुणे दरवर्षी भेटतात. सिंह, जिराफ, हत्ती त्यांनाही दिसतात, पण ज्या स्थलांतरासाठी ते इतका खर्च करून आलेले असतात, ते दीडशे किलोमीटर पलीकडे चालू असतं.

ढोबळ वेळापत्रक असं. डिसेंबर ते एप्रिल कळप दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतात. मे-जूनमध्ये ते मध्य भागातून आणि ग्रुमेटी नदीच्या पश्चिम पट्ट्यातून सरकतात. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्यांचा मुक्काम उत्तर सेरेंगेटीत आणि केनियातल्या मसाई मारात, आणि नोव्हेंबरचा छोटा पाऊस पडला की पुन्हा दक्षिणेकडे. पाऊस पंधरा दिवस मागे-पुढे झाला की कळपही तसेच मागे-पुढे होतात. म्हणून सगळा मुक्काम एका ठिकाणी न ठेवता दोन ठिकाणी वाटावा, आणि त्यातला मोठा वाटा त्या महिन्याच्या जागेला द्यावा. नदी ओलांडणारे कळप पाहायचे असतील, तर कोगाटेंडेजवळ तीन रात्री तरी हव्यात. एका रात्रीत तो सगळा नशिबाचा खेळ होतो.

निघण्याआधीची तयारी थोडक्यात सांगतो. पूर्व आफ्रिकेत फिरून भारतात परतताना, विशेषतः केनियातून येताना, यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं पुस्तक विमानतळावर पाहतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य धरतात आणि आता ते आयुष्यभर चालतं. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, न चुकता घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून बंदी आहे, म्हणून चिवडा-लाडू डब्यात किंवा कापडी पिशवीत न्यावेत. लष्करी छापाचे कपडे टाळावेत. गडद निळे आणि काळे कपडेही घरीच ठेवावेत, कारण त्से-त्से माश्या नेमक्या याच रंगांकडे येतात. झाडीच्या भागात रस्त्याकडेला निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसतात, ते त्यांच्यासाठीच. ही माशी जाड कापडातूनही चावते आणि नेहमीच्या मलमांना फारशी दाद देत नाही. तिच्या पट्ट्यात खिडक्या बंद ठेवणं हाच खरा उपाय. विजेचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असतात. आपले प्लग त्यांत बसत नाहीत.

गाडी म्हणजे छत वर उचलता येणारी, लांबवलेली लँडक्रूझर. ठरवताना चार गोष्टी विचाराव्यात : प्रत्येकाला खिडकी आहे का, जादा चाकं दोन आहेत का, रुतलेली गाडी काढायला उंच जॅक आणि दोर आहे का, आणि दुसऱ्या गाड्यांशी बोलायला रेडिओ आहे का. सहा जणांच्या गाडीत चौघंच बसली तर सगळ्यांना दोन्ही बाजूंना सरकता येतं. कॅमेऱ्यासाठी तिपाई निरुपयोगी ठरते. रिकामी कापडी खोळ न्यावी, वाटेतल्या आरुषा किंवा कराटू या गावांच्या बाजारात तिच्यात दोन-तीन किलो तांदूळ भरावेत आणि छताच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. परत निघताना तांदूळ चालकाला दिले की तेही सत्कारणी लागतात.

आरुषाहून लोडोआरे नाक्यापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि साडेतीन तासांत तिथं पोचता येतं. नाक्यापलीकडे मुरूम लागतो आणि गोरोंगोरोची चढण सुरू होते. हे 8,292 चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र 1959 मध्ये सेरेंगेटीतून वेगळं झालं. मसाई लोक इथं आपली गुरं घेऊन राहतात, सेरेंगेटीत त्यांना ती मुभा नाही. गोरोंगोरोच्या मोठ्या ज्वालामुखी विवराचा काठ सुमारे 2,300 मीटर उंचीवर आहे. जुलै-ऑगस्टच्या सकाळी तिथं दाट धुकं असतं आणि स्वेटर, कानटोपी दोन्ही लागतात. सहाशे मीटर खाली, 260 चौरस किलोमीटरच्या तळावर काळे गेंडे, सिंह, तरस आणि मोठे सुळे असलेले नर हत्ती आहेत. जिराफ मात्र नाहीत. कडे फार उभे आहेत आणि जिराफाला लागणारी बाभळीची झाडी तळावर पुरेशी नाही. विवरात उतरायला दर गाडीमागे वेगळी फी पडते. अलीकडच्या दरपत्रकात ती 250 डॉलर अधिक 18 टक्के कर, म्हणजे 295 डॉलर होती. इतके पैसे मोजायचे तर सकाळी सहाला उतारावर असावं. नऊनंतर गाड्यांची रांग लागते. एनगोइटोकिटोकच्या पाणथळीवर जेवायला थांबाल तेव्हा डबा गाडीतच उघडा. तिथल्या घारी हातातला घास उचलतात आणि त्यांच्या नखांनी बोटं फाटतात.

विवर मागे टाकून पश्चिमेकडे उतरलं की झाडं संपतात. बहुतेक गाड्या हा टप्पा धूळ उडवत झपाट्यानं पार करतात, कारण कोरड्या ऋतूत इथं "काही नसतं". आमच्या मते मात्र सगळ्या प्रवासाची किल्ली याच मैदानात आहे.

पूर्वेकडच्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं वाऱ्यानं इथं येऊन पडत गेली. त्यांतला ओल डोइन्यो लेंगाई अजून जागा आहे आणि 2007-08 मध्ये त्यानं पुन्हा राख उधळली. त्याचा लाव्हा जगावेगळा आहे : सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचा, बाहेर येताना काळा आणि हवेतल्या ओलाव्यानं लवकरच पांढरा पडणारा. अशा राखेतून पावसाचं पाणी झिरपतं, विरघळलेला चुना थोड्या खोलीवर साचतो आणि त्याचा दगडासारखा थर बनतो. झाडांची मुळं तो भेदू शकत नाहीत, म्हणून हे मैदान उघडं. आखूड गवताला मात्र वरची माती पुरते, आणि त्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असतं. विणाऱ्या आणि पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच हवं असतं. फेब्रुवारीच्या आसपास, दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत बहुतेक विल्डबीस्ट माद्या याच मैदानावर वितात. वासरू काही मिनिटांत उभं राहतं आणि आईमागे धावू लागतं. इतकी वासरं एकदम जन्मली की तरसांना आणि सिंहांना ती सगळी मारता येत नाहीत, आणि बरीचशी वाचतात.

मग इतकं चांगलं गवत सोडून ते जातात कशाला? पाण्यासाठी. गोरोंगोरोच्या डोंगराआड हा भाग पर्जन्यछायेत येतो. दक्षिण-पूर्वेला वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उत्तर-पश्चिमेकडे जावं तसा तो दुपटीवर जातो. मे महिन्यात मैदानावरची डबकी आटतात, उरलेलं पाणी खारट होतं, गवत वाळतं. विल्डबीस्टला एक-दोन दिवसाआड पाणी लागतंच. उत्तरेला मारा नदी बारमाही आहे आणि गवत उंच आहे, पण कसाला कमी. कसदार गवत जिथं आहे तिथं पाणी टिकत नाही, आणि पाणी जिथं टिकतं तिथलं गवत कमी कसाचं. सगळं स्थलांतर या पेचातून सुरू होतं. हे एकदा ध्यानात आलं की पुढे गाडीतून काय पाहायचं ते बदलतं. प्राण्यांच्या आधी गवताचा रंग, उंची, कुठं खुडलेलं आहे आणि कुठं अस्पर्श आहे, याकडे नजर जाते.

नाबी हिल हा सेरेंगेटीचा दक्षिणेकडचा नाका. परवान्यावर वेळेचा शिक्का पडतो आणि तिथून चोवीस तासांचा एक दिवस धरतात. दुपारी दोनला आत गेलात तर शेवटच्या दिवशी दोनच्या आत बाहेर पडायला हवं, उशीर झाला की आणखी एका दिवसाची फी. शिवाय जाताना आणि येताना गोरोंगोरोच्या हद्दीतून जावं लागतं, त्यामुळे तिथलं प्रवेशशुल्क दोन्ही वेळा लागतं. आयोजकाच्या हिशेबात या दोन्ही गोष्टी आहेत का, ते पैसे भरण्याआधी पाहून घ्यावं. नाक्यावर नोंदणीला वेळ लागतो. तेवढ्यात मागच्या टेकाडावर चढून यावं, मैदान किती पसरलं आहे ते तिथून समजतं. स्वच्छतागृहही इथंच वापरून घ्यावं.

नाबीहून मध्य सेरेंगेटीतल्या सेरोनेरापर्यंत रस्त्यावर आडव्या वळ्या पडलेल्या असतात. गाडी हाडं खिळखिळी करते, धूळ बारीकशा फटीतूनही आत येते. कॅमेरा जाड टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवावा आणि लेन्स बदलायचं काम तंबूत गेल्यावर करावं. वाटेत सिम्बा कोप्ये लागतात : गवताच्या समुद्रातून वर आलेले, जमिनीपेक्षा कितीतरी जुने ग्रॅनाइटचे खडक. खडकांच्या बेचक्यात पाणी साठतं, सावली असते, आणि उंचावरून शिकार दिसते, म्हणून सिंहिणी पिल्लं इथं ठेवतात. दगडावरचा पिवळसर-करडा भाग दुर्बिणीनं सावकाश पाहावा. हललेला कान सगळ्यांत आधी दिसतो.

सेरोनेरात नदीकाठी बिबट्याचा शोध घेताना सगळी झाडं धुंडाळण्यात अर्थ नाही. सॉसेज ट्री आणि पिवळ्या खोडाच्या बाभळी तेवढ्या पाहाव्यात, आणि त्यांत आडव्या, जाड फांद्या. खाली लोंबणारी सरळ रेघ दिसली तर ती बहुधा शेपटी असते. चित्ता शोधायचा तर वारुळांचे माथे पाहावेत, शिकार न्याहाळायला तो तिथं चढतो. हरणांत घोटाळा होतो तो थॉमसन गॅझेल आणि ग्रँट गॅझेलचा. कुशीवरचा काळा पट्टा दोघांतही दिसू शकतो, म्हणून पुठ्ठा पाहा : ग्रँटचा पांढरा रंग शेपटीच्या मुळाच्या वरपर्यंत चढतो, थॉमसनचा शेपटीखालीच थांबतो.

मध्य सेरेंगेटीतून उत्तरेला कोगाटेंडेपर्यंत चार-पाच तास लागतात, थांबत गेलं तर पूर्ण दिवस. वाटेत जमीन काळी होते. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली असते तशीच ही फुगणारी, भेगाळणारी काळी माती. कोरडी असताना गाडी सुरेख चालते, पण दुपारी एक सर पडली की चाकांना थर चढतात आणि गाडी पोटावर बसते. अशा वेळी चालक वळसा घालायचं म्हणाला तर हट्ट करू नये. रुतलेल्या गाडीत आधी हवा कमी करतात, मग जॅकनं चाक उचलून खाली दगड-फांद्या सारतात. फक्त अॅक्सिलरेटर दाबला की चाक आणखी खोल जातं. खाली उतरायचं ते मार्गदर्शकानं चारही दिशा पाहून सांगितल्यावरच.

याच वाटेवर चरणाऱ्यांचा क्रम दिसतो. उंच, जाड काड्यांचं गवत आधी झेब्रे खातात, त्यांच्या पोटाला ते चालतं. वरचा भाग गेला की खालची पानं विल्डबीस्टला मिळतात, आणि ते पुढे गेल्यावर फुटणारे कोवळे कोंब थॉमसन गॅझेलला. म्हणून उंच गवतात झेब्र्यांची गर्दी दिसली आणि मागे विल्डबीस्टची रांग असली, तर मोठा कळप अजून यायचा आहे असं समजावं. फक्त गॅझेल उरलेले दिसले, तर कळप पुढे गेला.

आज दिसणारी ही संख्या कायमची नव्हती. 1880 च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत शिरलेल्या बुळकांडीनं गुरं मेली, मसाई उपाशी पडले आणि विल्डबीस्टही संपत आले. गुरांना लस टोचायला लागल्यावर 1960 च्या दशकात रोग रानातूनही गेला. अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1970 च्या दशकाच्या अखेरीस 13 लाखांवर पोचले. गवत खाल्लं जाऊ लागलं तसे वणवे कमी झाले, आणि वणवे कमी झाल्यावर बाभळीची रोपं तगून झाडं झाली. उत्तरेला जी झाडी दिसते तिच्यामागे अशी एका गुरांच्या रोगाची कथा आहे. 2011 मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं.

आता नदी. मारा केनियातल्या माऊच्या डोंगरात उगम पावते आणि व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. उत्तर सेरेंगेटीत तिचे काठ कुठं सपाट उतरते आहेत, कुठं उभ्या दरडी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या वापरून ओलांडण्याच्या जागा खोल घळींसारख्या झाल्या आहेत आणि मार्गदर्शक त्यांना आकड्यांनी ओळखतात. रेडिओवर आकडा आला की गाड्या निघतात.

कळप नदीवर आला म्हणजे ओलांडणारच, असं अजिबात नाही. सकाळी लांबून काळ्या रेघा काठाकडे येताना दिसतात. त्या जमत जातात, धूळ वाढते, हंबरडा वाढतो. झेब्रे बऱ्याचदा पुढे येतात, पाणी पितात, समोरच्या काठाकडे बघत उभे राहतात. मागचे पुढच्यांना रेटतात. पुढचे घाबरून उलटे फिरतात आणि सगळा जमाव शंभर मीटर मागे पळतो. हे पाच-सहा वेळा घडू शकतं. कधी दुपारी चारला अख्खा कळप तोंड फिरवून चरायला निघून जातो. पाण्यात मगरी आहेत, काठावरच्या झुडपात सिंह असू शकतो, पाणघोडा अचानक वर येतो. यांतलं काहीही पुरेसं ठरतं.

आणि गाड्याही पुरेशा ठरतात. म्हणूनच गाडी कुठं उभी आहे याला महत्त्व आहे. पहिला प्राणी पाण्यात पडून रांग नीट लागेपर्यंत गाडी काठापासून दूर, झाडाआड किंवा उंचवट्यामागे, इंजिन बंद करून ठेवायची. उतरण्याच्या तोंडावर गाड्यांची भिंत झाली तर कळप दुसरीकडे, उभ्या दरडीकडे वळतो आणि तिथं उड्या मारताना पाय मोडतात. समोरच्या काठावर गाडी वर चढण्याच्या वाटेत असली तर पोहून आलेले प्राणी पाण्यातच अडकतात, मागून येणारे त्यांच्यावर चढतात आणि चेंगरून, बुडून मरतात. चालकाला आदल्या संध्याकाळीच शांतपणे सांगून ठेवावं की आम्हाला घाई नाही, जवळचा कोन नको, उशिरा पोचलो तरी चालेल. बरेच मार्गदर्शक स्वतः असेच वागू इच्छितात, पाहुण्यांच्या आग्रहानं ते पुढे रेटले जातात. बक्षिसी चांगल्या फोटोपेक्षा चांगल्या वागण्यासाठी द्यावी.

थांबण्याचे तास मोठे असतात. पाणी मोजून प्यावं, पण प्यावं. शाकाहारी डबा हवा असेल तर आदल्या रात्री सांगावं, नाहीतर कोंबडीच्या तंगडीशेजारचं केळं तेवढं वाट्याला येतं. गाडीत बोलणं हळू, दार उघडायचं नाही, छतावर चढायचं नाही. दुर्बीण 8×42 ची असली तर समोरच्या काठावरच्या मगरी मोजता येतात. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त ठेवावा आणि लांब लेन्सबरोबर एक छोटी लेन्स तयार असावी, कारण सुरू झालं की एका प्राण्यापेक्षा धूळ, काठ आणि अख्खी रांग महत्त्वाची असते. दहानंतर तापलेल्या हवेमुळे लांबचे फोटो थरथरतात, तो दोष लेन्सचा नसतो.

पहिली उडी पडली की चित्र पालटतं. रांग एकामागोमाग एक, नाकं वर करून, प्रवाहाला तिरकी पोहते. मोठी रांग पाऊण-एक तासही चालते. मगरी घेतात ते थोडेच. खरे बळी बुडण्याचे आणि चेंगरण्याचे. अभ्यासकांच्या हिशेबानं मारा नदीत वर्षाला सरासरी 6,000 हून अधिक विल्डबीस्ट बुडतात. त्यांचं मांस काही आठवड्यांत मासे, मगरी, गिधाडं आणि मराबू करकोचे संपवतात, हाडं मात्र कित्येक वर्षं फॉस्फरस सोडत नदीतल्या शेवाळाला आणि किड्यांना पोसतात. कुठल्याशा वळणावर पन्नास-शंभर फुगलेली कलेवरं अडकलेली पाहून पाहुणे हबकतात आणि कुणीतरी वाचवायला हवं होतं म्हणतात. नदीचं पोट यावरच भरतं.

त्या कलेवरांवरची गिधाडं मुद्दाम पाहावीत. पांढऱ्या पाठीची आणि रुपेल गिधाडं कळपानं उतरतात, मोठं लॅपेट-फेस्ड येऊन जाड कातडं फाडतं. आपल्याकडची गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गेली. इथं धोका वेगळा आहे. गुरं मारणाऱ्या सिंहासाठी किंवा तरसासाठी विष घातलेलं एक जनावर शंभराहून अधिक गिधाडं मारू शकतं. उद्यानाच्या आत ती सुरक्षित दिसतात, पण दिवसाला शेकडो किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याला उद्यानाची हद्द अपुरी पडते.

ओलांडून झाल्यावर लगेच निघू नये. आई हरवलेली वासरं काठावर धावत ओरडत असतात, आणि काही माद्या त्यांच्यासाठी पुन्हा पाण्यात उतरतात. कळपाचा काही भाग दुसऱ्याच दिवशी उलटा परतू शकतो, कारण अलीकडच्या काठावर एखादी सर पडून हिरवं फुटलेलं असतं. "स्थलांतर उत्तरेला गेलं" हे वाक्य नकाशावर ठीक आहे, नदीवर ते दोन्हीकडून चालू असतं. पलीकडचा लामाईचा त्रिकोण टांझानियातच आहे, तिकडं जाऊन ओलांडलेले कळप चरताना पाहता येतात. त्यापुढे केनियाचं मसाई मारा आहे, पण पर्यटकाला रानातूनच हद्द ओलांडता येत नाही. इसेबानिया-सिरारी किंवा नामांगाच्या नाक्यानं, शिक्के मारून, लांब वळसा घालावा लागतो. दोन्ही देश एकाच प्रवासात करायचे असतील तर त्यात अख्खा दिवस जातो, तो आधीच धरावा.

परतीला दोन वाटा. कोगाटेंडेच्या धावपट्टीवरून छोटं विमान आरुषाला नेतं. सामान 15 किलो आणि मऊ पिशवीत, चाकांची कडक बॅग घेत नाहीत. दुसरी वाट पुन्हा सेरोनेरावरून नाबीपर्यंत गाडीनं. त्या वाटेनं जाणार असाल तर शिक्क्याची वेळ परवान्यावर पाहून, तिथून उलटा हिशेब करून पहाटेच निघावं, आणि वाटेत एखादा सिंह रस्त्यावर बसला तर पाहता यावा म्हणून एक तास मोकळा ठेवावा.